विश्लेषण : गाडी ऑइल ‘खाते’ म्हणजे नेमके काय? इंजिन खोलण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

सर्व्हिसिंगला अजून चार-पाच महिने बाकी असतात आणि डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेशी आलेले दिसते. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ असे उत्तर मिळते. जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी हा मोठा खर्च असतो. मात्र ऑइल कमी होण्याची काही कारणे किरकोळ खर्चातही दूर होतात. त्यामुळे ऑइल किती, कुठून आणि का जाते, हे आधी तपासणे महत्त्वाचे ठरते.

किती ऑइल जळणे सामान्य?

सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतो. त्यातील थोडे ऑइल इंधनासोबत जळते, त्यामुळे प्रत्येक इंजिन थोडेफार ऑइल वापरतेच. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर वापरही मर्यादेत धरतात. टोयोटाने अमेरिकेत ‘२एझेड-एफई’ या २.४ लिटर इंजिनासाठी १२०० मैलांत, म्हणजे सुमारे १९३० किलोमीटरमध्ये, एक क्वार्ट (सुमारे ९५० मिली) ही मर्यादा ठेवली होती. ती ओलांडणाऱ्या गाड्यांसाठी वाढीव वॉरंटीत पिस्टन आणि रिंगा बदलून देण्यात आल्या. आपल्या गाडीची मर्यादा वापर पुस्तिकेत पाहावी.

वापर मोजायचा कसा?

गाडी सपाट जागेवर उभी करून, गरम इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरची नोंद करावी. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पाहावे आणि वरच्या खुणेपर्यंत येण्यासाठी किती ऑइल लागले ते लिहून ठेवावे. गाडी वॉरंटीत असेल तर ही चाचणी सर्व्हिस सेंटरमध्ये करून जॉब कार्डवर नोंदवून घ्यावी. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडे इंधन ऑइलमध्ये मिसळते आणि घट लपते. मग हायवेवर लांबचा प्रवास झाला की ते इंधन उडून जाते आणि पातळी ‘अचानक’ उतरलेली दिसते.

गळती आहे की ऑइल जळते आहे?

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी डाग दिसतात. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि क्रँकचे ऑइल सील या गळतीच्या नेहमीच्या जागा. गरम सायलेन्सर पाइपवर ऑइल गळत असेल तर ते तिथेच जळते. अशा वेळी खाली डाग पडत नाही, पण जळका वास येतो. गळती नसेल तर ऑइल इंजिनातच जळत असण्याची शक्यता अधिक.

धुरावरून काय कळते?

निळसर धूर हे ऑइल जळण्याचे लक्षण. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला, किंवा घाट गिअरमध्ये उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो दिसला, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. चढावर किंवा जोरात वेग घेताना सतत धूर येत असेल तर रिंगांवर. टर्बो गाडीत टर्बोचे सीलही तपासावे लागते. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे धूर दिसेलच असे नाही.

सुरुवात कुठून करावी?

आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. इंजिनाच्या खालच्या भागात साचणारे वायू हा छोटा व्हॉल्व्ह पुन्हा इनटेककडे पाठवतो. तो तुंबला तर आतला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर पडते आणि उघडा अडकला तर ऑइलची वाफ इनटेकमध्ये ओढली जाते. अनेक गाड्यांत हा भाग स्वस्त असतो. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच आहे का आणि वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर कॉम्प्रेशन चाचणी. आकडा कमी आल्यास सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून ती पुन्हा करतात. आकडा वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय बळावतो, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. पण कॉम्प्रेशन चांगले म्हणजे सर्व रिंगा चांगल्या, असे नव्हे. ऑइल खरवडून खाली नेणारी तळाची रिंग कार्बनने अडकली तरी वरच्या रिंगा कॉम्प्रेशन धरून ठेवू शकतात.

दुरुस्ती किती मोठी?

बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलता येतात. अडकलेल्या रिंगांसाठी पिस्टनवर क्लीनर मुरवून पाहता येतो. फरक पडेलच याची खात्री नसते. रिंगा किंवा सिलिंडर झिजले असतील तर मात्र इंजिन खोलण्याला पर्याय नाही. जाड ऑइल टाकल्याने वापर काही काळ कमी दिसतो, बिघाड तसाच राहतो.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत ऑइल बरेच उतरलेले असू शकते आणि तशीच गाडी चालवली तर बेअरिंग जाऊन इंजिन जाम होऊ शकते. जळणाऱ्या ऑइलमुळे स्पार्क प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतात. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत दर आठवड्याला डिपस्टिक पाहणे आणि त्याच ग्रेडच्या ऑइलचा डबा डिकीत ठेवणे आवश्यक आहे.