गिरणी बंद पडल्यावर कॉलेजने काय करायचं?

मागच्या वेळी आपण कौशल्य-प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांबद्दल बोललो. तेव्हा एक प्रश्न राहून गेला होता. गावाचा मुख्य उद्योगच बंद पडला, तर तिथल्या कॉलेजने नेमकं काय करायचं? त्यासाठी आज आपण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कनॅपोलिस या गावी जाऊ.

हे गाव गिरणीनेच वसवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स कॅनन यांनी इथे टॉवेल-चादरींची गिरणी काढली, कामगारांना राहायला घरंही बांधली. पोरगं शाळा सोडून गिरणीत लागलं तरी कुणाला काळजी वाटत नसे, कारण काम हमखास मिळायचं. पुढे मालक बदलत गेले आणि ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स या शेवटच्या कंपनीने टाळं लावलं. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ४,८०० लोकांचं काम गेलं.

आपल्याला हे ऐकताना गिरणगाव आठवणारच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातले कितीतरी जण पुढे रखवालदार झाले, कुणी भाजीची गाडी लावली. नवं काम ज्याचं त्याने शोधलं.

कनॅपोलिसच्या कामगारांना निदान एक दार ठोठावता आलं, ते म्हणजे रोवन-कबॅरस कम्युनिटी कॉलेज. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम, प्रवेशाला टक्केवारीची अट नाही, संध्याकाळचे वर्ग, आणि विद्यार्थी अठरा वर्षांचा असो की पन्नास. त्या राज्यात अशी ५८ कॉलेजं आहेत. नव्या येणाऱ्या कारखान्यांसाठी कामगार तयार करून देण्याची पद्धत तिथे १९५८ पासून आहे.

पण इथे गोष्ट उलटी होती. कारखाना येत नव्हता, गेला होता! आणि समोर आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हायस्कूल पूर्ण केलेलं नव्हतं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं एकाच खात्यात काढलेली माणसं ती. कागदावर त्यांचं शिक्षण शून्य, आणि हातात मात्र अख्खं यंत्र. त्यामुळे आधी हायस्कूलची समकक्ष परीक्षा, मग संगणकाची ओळख, आणि त्यानंतर कुठे एखादा व्यवसाय शिकायचा. आयातीमुळे काम गेलेल्यांना केंद्र सरकार फी आणि निर्वाहभत्ता देत होतं, पण त्यालाही आठवड्यांची मुदत. म्हणजे ज्याला सर्वात लांबचा पल्ला गाठायचा, त्याच्याच डोक्यावर घड्याळ टांगलेलं.

पुढे जुनी गिरणी पाडली गेली. २००५ मध्ये डेव्हिड मर्डॉक या उद्योगपतींनी त्या जागेवर जैवतंत्रज्ञानाचं संशोधन संकुल जाहीर केलं. हजारो नोकऱ्यांची आशा निर्माण झाली, कॉलेजनेही त्या दिशेचे अभ्यासक्रम काढले. २००८ मध्ये संकुल उघडलं ते नेमकं मंदीच्या तोंडावर, आणि वाढ अपेक्षेपेक्षा बरीच हळू झाली. संकुल वाईट होतं असं आपण म्हणत नाही. पण ज्याने आत्ताच हायस्कूलची परीक्षा दिलीय, त्याला प्रयोगशाळेतली किती कामं मिळतील, हा हिशोब गावाने आणि कॉलेजने एका टेबलावर बसून आधीच करायला हवा असतो.

इथे कोचचं काम सुरू होतं. कोचिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लातूर आणि कोटाचे क्लास येतात, पण हे कोचिंग वेगळं. अमेरिकेत २००४ पासून ‘अचीव्हिंग द ड्रीम’ ही चळवळ कम्युनिटी कॉलेजांकडे बाहेरचे अनुभवी लोक पाठवते. एक नेतृत्वासाठी, दुसरा आकडेवारीसाठी. त्यांचा मुख्य भर विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण का करत नाहीत, यावर. ते आराखडा लिहून देत नाहीत. कॉलेजला स्वतःचेच आकडे वाचायला लावतात: कोण गळलं, कुठल्या विषयात गळलं, कुठल्या सत्रात.

हीच रीत गावाच्या आराखड्याला लावून बघा. कारखानदार सांगतो, ‘आम्हाला वेल्डर हवेत.’ सगळे मान डोलावतात आणि कोर्स सुरू होतो. कोचने तिथेच थांबवायचं. गेल्या वर्षी किती वेल्डर घेतले? पगार काय दिला? कायम केले की कंत्राटावर ठेवले? आमच्या मुलांच्या मुलाखती घ्याल, असं लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा खोली शांत होते. आणि त्या टेबलावर ज्याचं काम गेलंय तो कामगार बसलेला नसेल, तर रात्रीच्या वर्गाला यायला बस आहे का, हे विचारणारंच कुणी उरत नाही.

असं टेबल आपल्याकडेही आहे, बरं का. २००७-०८ च्या केंद्रीय योजनेत १,३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरलं. प्रत्येक ठिकाणी संस्था व्यवस्थापन समिती, आणि तिच्या अध्यक्षपदी उद्योगाचा प्रतिनिधी. तुमच्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा, त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि तिच्या इतिवृत्तात पगाराचा आकडा कुठे आहे का. पुढच्या वेळी येताना ते उत्तर घेऊन या, तिथूनच पुढे बोलू.