सिनेमातलं शहर आणि चोवीस तासांची थाप



आज आपण एका फसलेल्या सिनेमाविषयी बोलणार आहोत. गेल्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक आटोपल्यावर समाजमंदिरात पडदा लावून आम्ही सगळ्याजणींनी तो पाहिला. हिंदी, शहरातल्या गुन्हेगारीवरचा, थोडक्या पैशात केलेला. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काही अडलेलं नाही.

गोष्ट ऐकून आमच्या अपेक्षा वाढल्या होत्या. खेड्यातली मुलगी शहरातल्या दवाखान्यात नोकरीला जाते आणि एका रात्री गायब होते. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मुली पुण्या-मुंबईला आहेत, त्यामुळे सगळ्या सरसावून बसल्या. पण मुलगी पंधराव्या मिनिटाला गायब झाली ती सिनेमातूनच गेली. पुढे दोन टोळ्या, एक हवालदार, बंदुका आणि एकाच जिन्यावरची चार वेळा पळापळ. मुलीचं काय झालं हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलंसुद्धा, "अगं, पण पोरगी कुठाय?" त्या सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण आम्हाला करता येणार नाही.

बाकी चुकाही डोळ्यात भरण्यासारख्या. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. रस्त्यावर चित्रण करताना गाड्यांचा गोंगाट असतो, म्हणून नट नंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत पुन्हा संवाद म्हणतात. याला डबिंग म्हणतात. ते घाईनं उरकलं की असं होतं. हवालदाराच्या उजव्या हाताला बांधलेली पट्टी पुढच्याच क्षणी डाव्या हाताला दिसली, तेव्हा तर हशाच पिकला. सिनेमा सलग चित्रित होत नसतो. आज दाराबाहेरचा प्रसंग घेतात, दाराच्या आतला आठ दिवसांनी. म्हणून एक माणूस वही घेऊन बसतो आणि कुणाच्या अंगावर काय होतं, पट्टी कुठल्या हाताला होती, हे टिपून ठेवतो. आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीसारखंच ते काम. त्याला लागतं काय? एक वही आणि लक्ष देणारं माणूस.

म्हणून "पैसे कमी होते, काय करणार" हे आम्हाला पटत नाही. थोड्या भांडवलात केलेले पापड काय खारटच होतात?

१९८३ साली आलेला 'अर्धसत्य' पाहा. गोविंद निहलानींनी तो केला. मूळ कथा आपल्या मराठीतली, श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. मोठे सेट नाहीत, नाचगाणी नाहीत. ओम पुरी मुंबईतला फौजदार अनंत वेलणकर झाला आहे. त्याचे वडीलही पोलिसात होते, आणि ते आईला मारायचे. मुलगा लहानपणी ते बघत उभा राहायचा, काही करू शकायचा नाही. पुढे तोच मुलगा कोठडीत एका भुरट्या चोराला इतकं मारतो की तो मरतो. चोरानं चोरलं काय होतं, तर एक रेडिओ. घरातला मार पोलीस ठाण्यापर्यंत कसा जातो, हे त्या सिनेमात कुणी भाषण करून सांगत नाही, पण आपल्याला बरोबर कळतं. आणि गुंड रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर, आपल्या नगरचे, नुसते शांत बसून बोलतात, तरी अंगावर काटा येतो.

१९९८ च्या 'सत्या'तही तेव्हा कुणी बडा नट नव्हता. पण त्यात गुंडाचं घर आहे, त्याची बायको आहे, तिचा राग आहे, नवऱ्याशी कडाकडा भांडण आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली केलेला 'लालबाग परळ' तर आपल्या घरांना जवळचा. १९८२ चा गिरणी संप ज्या घरांनी सोसला, त्या घरांतली पोरं टोळ्यांकडे कशी ओढली गेली, याची ती गोष्ट. गुन्हा कुठून येतो हे या तिन्ही सिनेमांना शोधायचं होतं. आम्ही पाहिलेल्या सिनेमाला फक्त गोळ्या झाडायच्या होत्या.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण सिनेमा संपल्यावर एक ताई म्हणाल्या, "नको बाई, मी पोरीला पुण्याला नर्सिंगला नाही पाठवायची." मुलीला बारावीला चांगले गुण आहेत, प्रवेशाची कागदं जमवून झाली आहेत. आणि आईचं मन फिरवलं कशानं, तर ज्या सिनेमाला पट्टीचा हात लक्षात ठेवता आला नाही, त्यानं. वाईट सिनेमाचा आमचा खरा राग इथे आहे.

त्या ताईंच्या मनात एक प्रसंग रुतून बसला होता. मुलीची आई ठाण्यात जाते आणि साहेब म्हणतो, "चोवीस तास झाल्यावर या." सिनेमात कुणी त्याला खोडत नाही, म्हणून बघणारीला वाटतं कायदाच तसा आहे. तायांनो, असा कायदा नाही. कुणी हरवलं तर तक्रार त्याच तासाला देता येते. सज्ञान बाई असेल तर 'मिसिंग' म्हणून नोंद होते. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. गंभीर गुन्हा पुण्यात घडला असला, तरी त्याची तक्रार आपल्या तालुक्याच्या ठाण्यात नोंदवता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवून घेतली नाही, तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येते. तातडीची मदत लागली तर ११२, आणि महिलांसाठी १८१.

आणखी दोन थापा सांगून टाकतो. सिनेमात मध्यरात्री पुरुष पोलीस एका बाईला फरफटत नेतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असला तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. दुसरी थाप शेवटची. पट्ट्यानं मारून कबुली घेतली की प्रकरण संपलं, असं त्यात दाखवलंय. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ठाण्यांमध्ये सगळं नियमानं चालतं असं आमचं म्हणणं नाही, तसं असतं तर 'अर्धसत्य' निघालाच नसता. पण नियम काय आहे हे माहीत असलेली आई ठाण्यात वेगळ्या आवाजात बोलते.

त्या ताईंशी आम्ही नंतर दोनदा बोललो. आपल्याच गावच्या दोन मुली पुण्यात नर्सिंग शिकताहेत. त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ताईंनी विचारलं, रात्रपाळी किती वाजता सुटते, वसतिगृहापर्यंत सोबत कोण असतं, खोलीला आतून कडी आहे का. मुलींनी एकेक उत्तर दिलं. एक म्हणाली, "मावशी, भीती वाटते कधीकधी, पण आम्ही दोघी मिळून जातो." ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही. पण प्रवेशाची तारीख कधी संपते, हे मात्र काल त्यांनीच फोन करून विचारलं.

पुढच्या बैठकीनंतर समाजमंदिरात 'अर्धसत्य' लावणार आहोत. त्यात मारहाण आहे, म्हणून लहान मुलांना घरी ठेवा. सतरंज्या कमी पडतात, ज्यांना जमेल त्यांनी आणाव्यात. आणि आजी, तुम्ही पुढे बसा.