सायकलच्या पोटातले बावीस छर्रे

शाळेच्या आवारातली एखादी जुनी काळी सायकल निवडा. एका हाताने सीट घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पायडलचा दांडा, म्हणजे दुकानात ज्याला क्रँक म्हणतात तो, फ्रेमकडे ढकला आणि पुन्हा बाहेर ओढा. खटखट असा आवाज आला, तर लगेच दुसऱ्या बाजूच्या क्रँककडे बघा. एकच क्रँक हलत असेल तर तिची कॉटर पिन सैल झाली आहे. नवी पिन ठोकली की काम झाले. पण दोन्ही क्रँक एकत्र हलत असतील, तर दोष त्यांच्या मधल्या आसात आहे. चेनच्या चक्रामागे फ्रेमच्या नळ्या जिथे एकत्र येतात, त्या आडव्या नळकांड्यात हा आस फिरतो. त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. दुकानदार त्याचे नुसते 'बी. बी.' करतात, आपणही तेच करू.

सायकल लंगडी व्हायला हा एवढासा भाग पुरतो. टायर-ट्यूब सगळेच बदलतात. बी. बी. मात्र झाकलेली असते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि बिघडली की 'सायकल म्हातारी झाली' असे म्हणून ती गोठ्यात उभी केली जाते. बीड जिल्ह्यात वाडी-वस्तीवरून शाळेला येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण ज्यांना त्या मिळत नाहीत, त्यांची मदार घरातल्या जुन्या सायकलवरच असते.

आत काय असते? एक पोलादी आस, त्याच्या अंगावर दोन गोल चढ, दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसवलेले दोन कप, आणि कप व चढ यांच्या मधल्या खाचेत प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे. एकूण बावीस. उजवा कप कायमचा घट्ट बसवायचा. डाव्या कपाने घट्ट-सैल जुळवायचे आणि मग वरून लॉक रिंग आवळायची.

ह्या बावीस छऱ्यांवर भार किती येतो, हा हिशोब आठवी-नववीच्या मुलांना जमण्यासारखा आहे. पन्नास किलोचा मुलगा चढावर एका पायडलवर पूर्ण उभा राहिला आणि क्रँक आडवी आहे असे धरा. क्रँकची लांबी साधारण साडेसहा इंच. पुढच्या चक्राला ४४ दाते; चेनच्या दोन दात्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणून चक्राचा घेर २२ इंच आणि त्रिज्या सुमारे साडेतीन इंच. तरफेच्या नियमाने चेनमधला ताण ५० × ६.५ ÷ ३.५, म्हणजे सुमारे ९३ किलो वजनाइतका! छऱ्यांना माणसाचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय चेनची ही त्याहून मोठी ओढ सोसावी लागते. आता फेऱ्या मोजा. मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि अठ्ठावीस इंची चाक असेल, तर क्रँकच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४५ मीटर जाते. शाळा पाच किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन रोज सुमारे १८०० फेऱ्या आणि दोनशे दिवसांत साडेतीन लाखांहून जास्त. त्यात गेवराई-माजलगावकडच्या काळ्या मातीचा चिखल आत गेला, तर ग्रीसचे घासणीच्या पावडरीत रूपांतर होते.

म्हणून भाग बदलावे लागतात. ते बदलताना 'दिसायला सारखा' एवढ्यावर भागत नाही.

पहिली गोष्ट आट्यांची. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या सायकली इंग्रजी घडणीच्या वंशातल्या आहेत. त्यांच्या कपाचा व्यास १.३७ इंच आणि आटे इंचाला २४. पण नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींसाठी वेगळे, इंचाला २६ आटे ठेवले होते. तेव्हा घरात आजोबांच्या काळातली विलायती रॅले असेल, तर जपून. २४ च्या मापात एका आट्याची उंची सुमारे १.०६ मिलिमीटर, २६ च्या मापात ०.९८. फरक केसाएवढा. त्यामुळे चुकीचा कप पहिले दोन-तीन फेरे अगदी शहाण्यासारखा आत जातो, आणि मग अडतो. दहा आट्यांनंतर हा फरक ०.८ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ एक आखखा आटा. इथे लांब पाना लावून जोर केला की फ्रेमचे आटे सोलले जातात. मग कोणीतरी कप वेल्डिंग करून बसवतो आणि ती फ्रेम पुन्हा उघडण्याजोगी राहत नाही. हे टाळायला जुना कप काढून त्याच्यावर पट्टी ठेवा आणि अर्ध्या इंचात किती आटे येतात ते मोजा. बारा आले तर नेहमीचा, तेरा आले तर रॅलेचा.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि आम्हाला सगळ्यात आवडणारी. इंग्रजी पद्धतीच्या सायकलचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने पाना फिरवला तर तो आणखी आवळला जातो! असे का? उजवीकडून पाहिले तर आस घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. घर्षणाने कपही त्याच दिशेला ओढला जाईल, म्हणजे सरळ आटेच बरे, असे वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते. छर्रे आसाबरोबर त्याच दिशेने पुढे सरकतात, आणि त्यांचा दाब कपाच्या आतून गोल फिरत राहतो. कप त्याच्या भोकापेक्षा किंचित लहान असतो. दाबाचा बिंदू घड्याळाप्रमाणे फिरला की कप भोकाच्या आतल्या भिंतीवर लोळत जातो आणि स्वतः घड्याळाच्या उलट वळतो.

पटत नाही? एका गोल डब्यात त्याच्याहून जराशी लहान बांगडी आडवी ठेवा. बांगडीवर आणि डब्यावर समोरासमोर खडूची खूण करा. बांगडीच्या आतून बोटाने डब्याच्या भिंतीवर दाब देत बोट घड्याळाच्या दिशेने फिरवा. बांगडी घसरू देऊ नका, लोळू द्या. प्रत्येक फेरीनंतर बांगडीवरची खूण थोडी थोडी मागे सरकलेली दिसेल. जितकी मोकळीक कमी, तितकी ती सावकाश सरकते. पस्तीस मिलिमीटरच्या भोकात दशांश मिलिमीटर मोकळीक असेल, तर पूर्ण एक फेरा मागे यायला सुमारे साडेतीनशे फेऱ्या लागतील. घट्ट आवळलेला कप असा मोकळेपणाने लोळत नाही हे खरे, पण थोडा जरी सैल राहिला तरी ही क्रिया सुरू होते. उलटे आटे असले की त्याच क्रियेने कप आवळला जातो. इटालियन सायकलींत दोन्ही कपांना सरळ आटे असतात, आणि त्यांचा उजवा कप सुटून येण्यासाठी प्रसिद्ध आहे. डाव्या पायडलला उलटे आटे असतात, त्याचेही कारण हेच. वर्गात कोणीतरी तो प्रश्न विचारतेच.

तिसरी गोष्ट आसाची लांबी. एकाच वेगाच्या सायकलला चेन सरळ रेषेत चालवण्याची मोठी सोय असते. गिअरच्या सायकलीत ती बहुतेक वेळ तिरकीच चालते. ही सोय फुकट घालवू नये. पुढच्या चक्राचे दाते फ्रेमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहेत ते मोजा. सीटखालच्या नळीच्या बाहेरच्या कडेपासून दात्यांपर्यंत समजा २८ मिलिमीटर भरले, नळीची अर्धी जाडी १४, बेरीज ४२. मागे चाक जिथे बसते तिथली फ्रेमची आतली रुंदी समजा ११२, तिची निम्मी ५६, उजव्या आतल्या कडेपासून फ्रीव्हीलच्या दात्यांपर्यंत १४, वजाबाकी ४२. जुळले! एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर चेन कुरकुरते, दाते एका बाजूने झिजतात आणि चेन उतरते.

गिअर मोडल्यावर तो काढून टाकून एकाच वेगाची केलेली सायकल आता खेड्यांतही दिसते. तिथे नेमके हेच मोजायचे राहून जाते. अशा सायकलींत चौकोनी टोकांचा आस असतो आणि तो वेगवेगळ्या लांबीचा मिळतो: ११०, ११३, ११८, १२२.५ मिलिमीटर वगैरे. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आस चार मिलिमीटरने लांब घेतला, तर चक्र चार नव्हे, दोनच मिलिमीटर बाहेर जाते. उरलेले दोन डावीकडे जातात. मुलांना हे आधी विचारून पाहावे.

कॉटर पिनच्या जुन्या आसाला असा लांबीचा छापील आकडा शोधत बसू नका. जुना आस काढून दुकानात न्या आणि नव्याशेजारी ठेवा. दोन्ही चढांमधले अंतर तेवढेच हवे, आणि चढापासून उजव्या टोकापर्यंतचे अंतरही. उजवे टोक बहुधा किंचित लांब असते. उलटा बसवला की चक्र फ्रेमला घासते.

आता प्रश्न येतो: जुन्या फ्रेममध्ये आजचा बंद डबीचा, छर्रे न दिसणारा कार्ट्रिज बसवावा का? इंचाला २४ आट्यांचे माप आजही नव्या सायकलींत चालते, म्हणून नळकांडे ६८ मिलिमीटर रुंद असेल तर तो बसतो. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी त्या सायकली अनाथ झाल्या नाहीत, त्यालाही कारण हे सामाईक मापच. पण कार्ट्रिज घेतला की कॉटरच्या क्रँक निकामी होतात; चौकोनी भोकाच्या नव्या क्रँक आणि चक्र घ्यावे लागते. डबी काढायला दातेरी खास पाना लागतो, आणि बिघडली की ती उघडून दुरुस्त करता येत नाही, फेकावीच लागते. हौसेने सायकल सजवणाऱ्याने खुशाल घ्यावी. चिखल आत जात नाही हा तिचा खरा फायदा आहे. रोज शाळेला जाणाऱ्या सायकलसाठी मात्र आमचे मत जुन्या कप-छऱ्यांच्या बाजूने आहे. कारण ती बिघडली तर पाटोद्याच्या किंवा धारूरच्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसणारा मिस्त्रीही हातोडी आणि दोन पान्यांवर ती उघडू शकतो.

छर्रे बदलताना बावीसच्या बावीस बदलावेत. झिजलेल्या दहांत एक नवा घातला, तर तो किंचित मोठा असल्यामुळे सगळा भार एकट्यावर घेतो आणि कपाला खड्डा पाडतो. कपात बोट फिरवून असे खड्डे लागतात का पाहा. लागले तर नुसते छर्रे बदलून उपयोग नाही, कपही नवे हवेत. ग्रीस भरपूर भरावे. डावा कप हळूहळू आवळावा. खटखट गेली पण आस अजून सहज फिरतो, अशा जागी थांबावे आणि कप पान्याने धरूनच लॉक रिंग आवळावी, नाहीतर रिंगबरोबर कपही फिरतो. शेवटी कॉटर पिना. क्रँक आडव्या असताना एका पिनेचा नट वर आणि दुसरीचा खाली यायला हवा. दोन्ही नट एकाच बाजूला आले तर क्रँक एका रेषेत राहत नाहीत, आणि पायडल मारताना दर फेरीला पायाला झोल जाणवतो.