चिमुकल्या शिपायांची सावली

28 मिलिमीटर उंचीच्या शिपायाच्या अंगरख्यावर मूर्तिकाराने कितीही कौशल्याने चुण्या कोरल्या, तरी त्या अर्ध्या मिलिमीटरहूनही उथळ असल्यामुळे त्यांतली सावली हातभर अंतरावरून डोळ्याला टिपता येत नाही, आणि म्हणून ती रंगाऱ्याला स्वतःच्या हाताने घालावी लागते. ज्या पातळ शाईने ही तजवीज होते तो वॉश बाजारात तयार मिळतो खरा. पण प्रत्येक मूर्तीला हवी तशी गडद वा फिकी सावली आपल्या मर्जीने ठरवता यावी, म्हणून मी तो घरीच करतो.

फाउंटन पेनची शाई या कामी वर्ज्य समजावी. तिच्यातला रंग बहुधा पाण्यात विरघळणारा असल्याने ती वाळल्यावरही पुढच्या ओल्या हाताने उठते आणि उजेडात विटते. अ‍ॅक्रिलिक शाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात, ते टिकतात. निव्वळ काळी सावली मला निर्जीव वाटते. म्हणून काळ्याच्या दुप्पट सेपिया घेतो. कुपीत डिस्टिल्ड पाणी आणि मॅट मीडियम समभाग घालावे, शाई थेंबाथेंबाने सोडावी आणि दर खेपेस पांढऱ्या बशीवर ओघळ सोडून पाहावा. बशीचा पांढरेपणा त्यातून दिसेनासा होण्यापूर्वीच हात आवरावा.

मीडियमबाबत काटकसर करू नये. नुसत्या पाण्यातली शाई सुकताना थेंबाची कड जागची हलत नाही, तेथले पाणी लवकर उडते, ती तूट भरायला आतले पाणी कडेकडे धावते आणि कणांनाही सोबत नेते. कॉफीच्या डागाभोवती गडद वर्तुळ उमटते ते याच कारणाने, आणि त्याची उपपत्ती शिकागोच्या संशोधकांनी 1997 साली मांडली. मीडियम या धावेला आळा घालते व कणांना पृष्ठभागाशी बांधून ठेवते. शेवटी भांड्यांच्या द्रवसाबणाचा एकच थेंब घालावा. त्यावाचून पाणी उंचवट्यांवर मण्यांसारखे अडून राहते. तो पडला की पृष्ठताण उतरतो आणि कुंचला कमरपट्ट्याला टेकताच शाई पट्ट्याखालच्या खाचेतून आपण होऊन सरकत पाठीपर्यंत जाते. ते सरकणे पाहण्यात मला अजूनही निखळ आनंद वाटतो. साबण अधिक झाल्यास फेस होतो आणि फुटलेला प्रत्येक बुडबुडा आपली कडी मागे ठेवतो.

उंचवट्यांवर साचलेली शाई सुकण्याआधीच किंचित ओलसर कुंचल्याने टिपून घ्यावी. चेहऱ्याला मात्र ही कुपी लावू नये; तेथे तांबूस तपकिरी शाईचा, याहून बराच पातळ वॉश निराळा करावा, कारण काळसर छटेने गालांवर काजळी धरल्याचा भास होतो.