पिंजऱ्यातले रंग

आमच्या शेजारच्या काकांच्या गॅलरीत एक मोठा पिंजरा आहे. त्यात पाच-सहा चिमुकले पोपट दिवसभर किलबिलत असतात. येणारा-जाणारा म्हणतो, "अरे वा, लव्हबर्ड!" आपल्याकडे सरसकट सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात, पण ते लव्हबर्ड नव्हेत. लव्हबर्ड आफ्रिकेतला. हा बजरीगर, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिकडच्या कोरड्या माळरानांवर त्यांचे थवेच्या थवे उडत असतात, आणि रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले. पुढे पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढता वाढता त्यांच्यात निळे, पांढरे, राखी असे नाना प्रकार निघाले.

असा पिंजरा तुमच्या घरी नाही तर शेजारी असेलच, आणि मोबाइल तर आता प्रत्येकाच्या हाती असतो. तेव्हा ह्या रंगीत पाखरांचे छायाचित्र घ्यावे असे कुणालाही वाटणार. पण घेऊन पाहिले की बहुधा निराशा पदरी येते. जाळी लख्ख, पक्षी पुसट. आणि ज्या रंगासाठी खटाटोप केला तो रंग मळकट. असे का होते?

आधी रंगाची गोष्ट सांगतो. पिंजऱ्याच्या तळाशी निळ्या बजरीगराचे गळालेले एखादे पीस पडलेले असते. ते उचलून बघा. उजेडाकडे पाठ करून पाहिले तर निळेशार दिसेल. तेच खिडकीसमोर धरून त्याच्या आरपार पाहिले तर निळा रंग नाहीसा होतो. पीस मातकट दिसते. ह्याचे कारण, त्या पिसात निळा रंग म्हणून काही नसतोच! पिसाच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्यांची एक स्पंजासारखी रचना असते, आणि तीवरून परतणाऱ्या प्रकाशातला निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांकडे येतो. पिवळा रंग मात्र खरोखरीचा असतो. तो पोपटाच्या शरीरातच तयार होतो. ह्या निळ्यावर तो पिवळा चढला की आपल्याला हिरवा दिसतो. ज्या पक्ष्यात जन्मतःच पिवळा तयार होत नाही, तो निळा. म्हणजे निळा बजरीगर हा एका अर्थी काहीतरी उणे असलेला हिरवा बजरीगर, असे म्हटले तरी चालेल.

छायाचित्र घेणाऱ्याने ह्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. पक्ष्याच्या पाठीमागून उजेड येत असेल तर रंग मिळणार नाही. उजेड तुमच्या पाठीकडून किंवा बाजूने यावा, आणि तो मऊ असावा. सकाळची सावली उत्तम. ढगाळ दिवस त्याहून उत्तम. भर उन्हात पिंजरा ठेवून चित्र काढू नये. रंग फिके पडतात हे एक, आणि त्या जिवाला त्रास होतो हे दुसरे. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून तो बसला, की त्याला उकडते आहे असे समजावे आणि पिंजरा मुकाट्याने आत न्यावा. पिसे अंगाशी घट्ट आवळून, मान ताठ करून तो काडीसारखा उभा राहिला, तर तो भ्यालेला असतो. तेव्हाही कॅमेरा खाली ठेवावा. अर्धा-पाऊण तास तिथे नुसते बसून राहिलात तर तो आपोआप राळे टिपू लागेल, समुद्रफेसाला चोच घासू लागेल. चांगली चित्रे त्यानंतरची. फ्लॅश तर वापरूच नका. जाळी चकाकते आणि पाखरे दचकून गजांवर आपटतात.

आता जाळी. जाळी चित्रातून घालवायची युक्ती तशी जुनी आहे. कॅमेऱ्याचे भिंग जाळीला जवळजवळ टेकवावे, त्याचे छिद्र पूर्ण उघडावे आणि नेम पक्ष्याच्या डोळ्यावर धरावा. जवळची तार मग इतकी पसरट होते की दिसेनाशी होते. मात्र पक्षी जाळीपासून तीन-चार फूट मागे असावयास हवा. दुसरे असे की, जिथे भिंग टेकवाल तिथल्या तारांवर ऊन नको. तारेवर ऊन असले तर ती दिसली नाही तरी सगळ्या चित्रावर धुके पसरते. हाताने किंवा रुमालाने तेवढ्या भागावर सावली धरली की काम होते. मोबाइलचे भिंग तर इतके लहान, की ते दोन तारांच्या मध्येच धरता येते. बजरीगराच्या बाबतीत ठीक आहे. मकावच्या पिंजऱ्याशी हा प्रयोग करू नका, त्याची चोच अक्रोड फोडते. काकांच्या पिंजऱ्यात तीन-चार फूट कुठले मिळणार? तिथे मी एक आडवी काठी अगदी मागच्या टोकाला बांधून घेतली आणि ती त्यांना आवडेपर्यंत चार दिवस थांबलो.

भायखळ्याला राणीच्या बागेत २०२० पासून एक भलेथोरले पक्षिगृह आहे. त्याच्या आतून आपल्याला चालत जाता येते. तिथे मध्ये जाळीच येत नाही. हात बसवायला ती जागा फार सोयीची.

एवढे करूनही चित्रात थोडे उणे राहतेच. त्याचा दोष तुमच्याकडे नाही. पांढरे काय आणि पिवळट काय, हे आपला डोळा समजून घेतो. कॅमेरा अंदाज करतो आणि पुष्कळदा चुकतो. गॅलरीवर हिरवे कापड लावलेले असेल तर निळा पक्षी शेवाळी दिसतो. म्हणून पक्षी बसतो त्या जागी पांढरा कागद धरून एक चित्र आधी घेऊन ठेवावे. मागाहून संगणकावर त्या कागदाला पांढरे करून घेतले, की त्याच उजेडातली बाकीची चित्रेही त्याच मापाने ताळ्यावर येतात. मग उजेड थोडा कमीजास्त करावा, जाळीमुळे आलेले धुके जाण्यापुरता काळा रंग गडद करावा, कडेचा फापटपसारा कापावा, संपले. लाल मकाव किंवा भडक पिवळा पक्षी असेल तर चित्र घेतानाच ते जरा काळसर घ्यावे. कारण लाल रंग एकदा कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला की सगळी छाती एक सपाट लाल ठिगळ होते. पिसांच्या रेघा मागाहून काही केल्या परत येत नाहीत.

जाळीची तार पक्ष्याच्या अंगावरून गेली असेल तर? मागच्या भिंतीवरची पुसट रेघ मी पुसतो. अंगावरची पुसत नाही. त्या तारेखाली काय होते हे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नाही. तिथे जे भरले जाईल ते कुणीतरी कल्पिलेले असणार. हल्लीची यंत्रे तर सबंध पिंजराच काढून मागे घनदाट अरण्य उभे करून देतात. मला एकाने असा एक बजरीगर पाठवला होता. मागे सह्याद्रीचा पाऊस, ओले शेवाळ, आणि मध्ये हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा! बरे, एक पिवळा रंग काढून टाकला की हिरव्याचा निळा होतो, हे वर सांगितलेच. निसर्गाला त्यासाठी पक्ष्याच्या पिढ्या घालवाव्या लागल्या. इथे बोट सरकवले की झाले. आणि पाखरांची किंमत रंगावर ठरते, हे विकणारे जाणतात. चित्र पाहून पाखरू घेणाऱ्याने सावध असावे.

बाजारातली ही खोड संगणकाच्या आधीची आहे. मुनिया नावाचे इवले पाखरू आपल्या गवताळ रानातले. त्यातल्या लाल मुनियेच्या शास्त्रीय नावात अमंदवा हा शब्द आहे, तो अहमदाबाद ह्या नावाचाच अपभ्रंश. तिथून ही पाखरे जहाजांनी परदेशी जात, म्हणून हे नाव. पुढे साध्या मातकट मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून विकण्याचा धंदा आपल्या बाजारात चाले. पिसे झडली की रंग जाई आणि गिऱ्हाईक कपाळाला हात लावी. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये कायद्याने पूर्ण बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपला साधा कंठवाला पोपट घरी ठेवणे हाही गुन्हा आहे, हे पुष्कळांना अजून माहीत नाही. मकाव, काकाकुवा यांसारख्या विदेशी पक्ष्यांची, २०२२ च्या दुरुस्तीपासून, सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा ज्याचे चित्र काढाल तो पक्षी पिंजऱ्यात असणेच गैर तर नाही ना, एवढे आधी पाहा.

रंग फासणाऱ्यांना मी नावे ठेवली खरी. आता माझे सांगतो.

२०२३ च्या पावसाळ्यात काकांच्या सर्वांत जुन्या हिरव्या नराचे एक चित्र मला साधले. मान किंचित तिरकी, डोळ्यात खिडकीचा ठिपका. काका खूश. बजरीगराच्या चोचीवर, नाकपुड्यांभोवती, एक मऊ पट्टी असते. वयात आलेल्या नराची ती निळी आणि मादीची बहुधा तपकिरी. ह्या नराच्या निळ्या पट्टीवर एका कडेला मातकट डाग दिसत होता. राळ्याचा कोंडा चिकटला असेल, असे मी धरून चाललो. संगणकावर शेजारचा निळा त्यावर ओढला आणि डाग पुसला. चित्र कसे स्वच्छ झाले! काकांनी ते चौकटीत लावून घेतले. मूळ चित्र मी जागा अडते म्हणून काढून टाकले.

दिवाळीच्या सुमारास पक्षी मलूल झाला. काका त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टरांनी विचारले, "नाकाची पट्टी तपकिरी कधीपासून व्हायला लागली?" काका म्हणाले, "अलीकडेच हो. पावसाळ्यातला फोटो आहे ना आमच्याकडे, त्यात स्वच्छ निळी आहे." आणि त्यांनी मोबाइलवर माझेच चित्र पुढे केले.

मी सांगितले सगळे. डॉक्टर रागावले नाहीत. नराची पट्टी अशी तपकिरी होऊ लागली तर पुष्कळदा पोटात वृषणाची गाठ असते, एवढे त्यांनी समजावले, आणि दुखणे अलीकडचे नसून निदान चार महिन्यांचे असे कागदावर लिहिले. पक्षी मार्गशीर्षात गेला. आधी कळते तर वाचला असता, असे ते म्हणाले नाहीत. अशा गाठीवर फारसा इलाज नसतो. काकाही मला काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मूळ चित्र मी काढून टाकत नाही. सुधारायचे ते प्रतीवर. आणि मूळ चित्रावर तारीख, उजेड कसला होता, पक्षी कुणाकडचा, हे दोन ओळींत लिहून ठेवतो. पक्ष्याच्या अंगावरच्या डागाला हात लावायचा तर आधी मालकाला विचारतो, "हे काय आहे हो?" दोनदा खरोखर राळ्याचा कोंडा निघाला. एकदा चोचीवर खरजेची सुरुवात होती. ती औषधाने बरी झाली.

काकांच्या भिंतीवर ते चित्र अजून आहे. मी काढून टाका म्हणालो होतो. काकू म्हणाल्या, "राहू दे. डोळे अगदी त्याचेच आलेत."