किट नसलेलं विमान कसं बांधायचं?

आजचा विषय विमानांच्या प्रतिकृतींचा आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का पडावं, असं काहींना वाटेल. पण अनोळखी वस्तू आपण ओळखतो कशी, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. प्रतिकृती बांधणाऱ्याला तो प्रत्येक नव्या विमानापाशी भेटतो.

नांदेड-लातूरकडची मुलं किट जोडायला पटकन शिकतात. स्पिटफायरचं किट आणलं, की क्रमांक टाकलेले भाग असतात, सूचनांचा कागद असतो, रंगांची नावंही दिलेली असतात. हात स्थिर असला की आठ-दहा दिवसांत विमान उभं राहतं. मग आपण म्हणतो, “आता आपलं एखादं विमान कर की, किरण कर.” यावर ठरलेलं उत्तर येतं, “सर, त्याचं किट कुठे मिळतं? कागद नसेल तर कसं करायचं?”

हे वाक्य नीट ऐका. “हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता” या वाक्याचं ते सख्खं भावंड आहे. लातूर पॅटर्नने शेतकऱ्यांची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण शंभरदा सोडवलेला प्रश्न एकशे एकाव्यांदा सोडवताना वाटणारा विश्वास वेगळा. कधीच न पाहिलेल्या प्रश्नापुढे बसून राहण्याचा विश्वास वेगळा. दुसरा नुसत्या सरावाने येत नाही. त्याची रीत शिकावी लागते.

ती रीत न्यायदर्शनात आहे. गौतमांनी चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं उपमान आपल्या कामाचं. शहरातल्या माणसाने गवय, म्हणजे रानगवा, कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, “गवय गाईसारखा असतो.” पुढे तो रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि ओळखतो की गवय म्हणतात तो हाच. नंतरच्या टीकाकारांनी यात भर घातली: वेगळेपणावरूनही ओळख पटते. उंटाचं वर्णन असंच करतात, इतर जनावरांपेक्षा मान लांब वगैरे.

आता हे किरणला लावू. एच.जे.टी.-१६ किरण हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं प्रशिक्षण विमान. १९६४ साली त्याचं पहिलं उड्डाण झालं. उदगीर-देगलूरच्या बाजूला राहणाऱ्यांना बीदरचा हवाई दलाचा तळ माहीत आहे. तिथल्याच सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून लाल-पांढऱ्या किरण विमानांच्या कवायती केल्या. हा झाला गवय. मग गाय कोणती? ब्रिटिशांचं जेट प्रोव्होस्ट. तेही प्रशिक्षणाचंच विमान, सरळ पंखांचं, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात असं.

म्हणून पहिलं काम: वहीत दोन रकाने करा. डावीकडे “सारखं”, उजवीकडे “वेगळं”. दोन्ही विमानांचे फोटो समोर ठेवून नाक, काचेचा घुमट, हवा आत घेणारी तोंडं, शेपटी असा एकेक भाग तपासा. रकाने भरले की “मला काहीच माहीत नाही” हे वाक्य आपोआप बंद पडतं. माहीत नाही ते सहा-सात ओळींत मावतं, आणि बाकीचं तुम्ही आधीच केलेलं असतं.

दुसरं काम मापाचं. किरणची लांबी १०.६० मीटर, पंखांचा विस्तार १०.७० मीटर. १:७२ या प्रमाणात सहा फुटांचा माणूस एक इंच होतो. १०.७० मीटरला ७२ ने भागा, पंख सुमारे १४९ मिलिमीटर येतो. लांबी १४७. म्हणजे सगळं विमान एका वीतभर जागेत. मोठी भीती अशी मोजली की लहान होते.

तिसरं काम, काय सोडायचं ते ठरवणं. खऱ्या विमानाच्या पत्र्यांमधली पाच मिलिमीटरची फट या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर होते, केसाएवढी. ती खोल कोरली की प्रतिकृती खोटी दिसते. साम्य सगळ्या गोष्टींत नसतंच. आकारात हवं की उडण्यात हवं, हे आधी ठरवा. १:१० प्रमाणात पंखाचं क्षेत्रफळ शंभरावा भाग होतं, पण घनफळ हजारावा. त्यामुळे कपाटात ठेवायचं विमान आणि उडवायचं विमान यांचे हिशेब एक नसतात.

चौथं काम, सगळ्यात अवघड भाग आधी आणि स्वस्तात करून बघणं. किरणमध्ये तो काचेचा घुमट. लाकडाचा साचा कोरा, पॉलिश पेपरने घासा, आणि पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक त्यावर गरम करून बसवा. हे काम मोठ्या माणसाला शेजारी घेऊनच करायचं. चार बाटल्या वाया जातील, जाऊ द्या. बाटली फुकट आहे.

आता कोणी म्हणेल, हे छंदापुरतं ठीक. पण किरण विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला, तेव्हा तिथे आधी काय झालं? परक्यांनी आखलेली हार्लो विमानं जोडली गेली. म्हणजे किटच म्हणा! मग महायुद्धात दुरुस्तीचं प्रचंड काम आलं. त्यानंतर १९५१ मध्ये घाटग्यांच्या आखणीचं एच.टी.-२ उडालं, आणि तेरा वर्षांनी किरण. जोडणं, दुरुस्त करणं, आखणं असा हा क्रम आहे. एका देशाला जो क्रम लागला तो नववीतल्या मुलाला लागला, तर त्यात कमीपणा कसला?

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं आहे. पुढचं किट आणून द्याल तेव्हा त्यासोबत एक कोरी वही द्या. किट जोडून झालं की विचारा, “यासारखं, पण हे नव्हे, असं विमान कोणतं?” आणि उत्तर तुम्हाला येत असलं तरी सांगू नका. वहीतले दोन रकाने त्यालाच, तिलाच भरू द्या.