लोककथन आणि लोकवर्गणी : संत गाडगेबाबांच्या कीर्तनाचा सेवासंस्थांच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

सेवाभावी संस्था लोकाश्रयावर जगतात. अनुदाने कमी-अधिक होत असतात. परंतु गावोगावचा सामान्य देणगीदार जोडलेला असेल तर संस्था तग धरते. हा देणगीदार वार्षिक अहवालातील आकड्यांनी क्वचितच जोडला जातो. कामाची गोष्ट ऐकून तो जोडला जातो. आज 'गोष्ट सांगणे' हे निधिसंकलनाचे आधुनिक तंत्र म्हणून प्रशिक्षणवर्गांतून शिकविले जाते. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांना मात्र त्याचा परिचय फार जुना आहे. प्रस्तुत लेखात संत गाडगेबाबांच्या कीर्तनाचा या एकाच दृष्टीने विचार केला आहे.

कीर्तनातील गोष्ट कोणाची?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. १९०५ मध्ये घर सोडल्यानंतरच्या कीर्तनांत दारू, कर्ज, देवापुढील पशुबळी आणि लग्नातील उधळपट्टी हे विषय सतत येतात, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात पौराणिक आख्यान असते. वारकरी कीर्तन अभंगाच्या निरूपणावर उभे असते. बाबा तुकोबांचा आणि कबीराचा आधार घेत, पण आख्यानाचा नायक राजा हरिश्चंद्र नसे. समोर बसलेला कुणबी, मजूर किंवा परीट असे. वऱ्हाडी बोलीत ते प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडून उत्तर घेत. कर्ज काढून सण करणाऱ्याचे पुढे काय होते, हे श्रोताच सांगे. गोष्टीचा शेवट श्रोत्याच्या तोंडून येत असल्यामुळे तो उपदेश वाटत नसे. आजच्या अनेक आवाहनांत नेमके हेच हरवलेले दिसते. तेथे गोष्ट 'त्यांची' असते आणि देणारा 'आपला'.

शिवाय कीर्तनापूर्वीच अर्धी गोष्ट घडून गेलेली असे. दिवसभर खराट्याने गाव झाडणारा, फुटके गाडगे बाळगणारा माणूसच रात्री कीर्तनाला उभा राहिलेला लोक पाहत. ज्याने आधी स्वतः हात लावला त्याने वर्गणीचा शब्द टाकला, तर तो खाली पडत नाही.

पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरते. नावातच ऋणमुक्ती असलेल्या या क्षेत्री कर्जबाजारी शेतकरी चिखलातून घसरत स्नानाला जात. तेथील घाटाच्या कामाला बाबांनी आधी अंगमेहनत दिली. लोकांचे साहाय्य मागून आले. पुढे मूर्तिजापूरचे गोरक्षण, तसेच नाशिक व पंढरपूर येथील धर्मशाळा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना उतरण्यास जागा मिळत नसे, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली गेली. १९४९ मध्ये ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द करण्यात आली. ज्याने कीर्तनात आणा-दोन आणे टाकले होते, त्याला आपल्या पैशाचे काय झाले हे पंढरीच्या वारीत डोळ्यांनी पाहता येत होते. हिशेबाचा इतका सोपा अहवाल दुसरा नाही.

आजचे आवाहन आणि त्यातील जोखीम

शेतकरी-आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भ देशाच्या नजरेत आला. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने अमरावती, अकोला यांसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. याच काळात एक चित्र रूढ झाले : मातीचे घर, भिंतीवर हार घातलेली तसबीर आणि खाली बसलेली विधवा. या चित्राने मदत मिळाली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या स्त्रीची पेरणी, मुलांचे शिक्षण, सासरी जमिनीच्या हक्कासाठी तिला द्यावी लागणारी झुंज हे सारे चौकटीबाहेर राहिले. ती कायमची दुःखी राहिली तरच गोष्ट चालते, अशी ही रचना आहे. ती सदोष आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. देणगीदाराची करुणा वर्ष-दोन वर्षांत थकते आणि त्या घराचे नाव मात्र गावभर झालेले असते.

याउलट उदाहरणही अमरावतीतच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी संस्था स्थापन केली. कुष्ठरोगाच्या बाबतीत झडलेल्या बोटांचे छायाचित्र दाखवून दया मिळविणे सोपे होते. तपोवनात रुग्णांच्या श्रमाला आणि त्यांनी तयार केलेल्या वस्तूंना स्थान मिळाले. हातमागावरचे कापड विकत घेणारा माणूस दाता राहत नाही, तो गिऱ्हाईक होतो. आणि विणणारा याचक राहत नाही.

कार्यकर्त्यांसमोर येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. एखाद्या महिलेची हकिकत पत्रकात छापण्यापूर्वी ती तिला तिच्याच बोलीत वाचून दाखविली जाते का? तिने दोन वाक्ये गाळायला सांगितली तर ती गाळली जातात का? होकारासाठी घेतलेला अंगठा पुरेसा नाही, कारण मदतीची वाट पाहणारा माणूस नकार देऊ शकत नाही. बाबांच्या कीर्तनात ही अडचण उद्भवत नसे. ज्याची गोष्ट चाललेली असे, तो समोरच सतरंजीवर बसलेला असे आणि चुकले तर तिथल्या तिथे बोलू शके.